गच्चीवरचा फड्या निवडुंग: मुंबईत तो भाजी म्हणून पिकवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातली एक सात मजली सहकारी गृहनिर्माण संस्था. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गच्चीवर पाच कुटुंबं मिळून भाजीपाला लावत होती. दर एप्रिल-मेमध्ये पाण्याची कपात सुरू झाली, टँकर मागवावे लागले, की सचिवांचा निरोप यायचा, "काकू, गच्चीचा नळ आता बंद." मेथी, पालक, टोमॅटो सगळं आठवडाभरात वाळून जायचं. म्हणून कमी पाण्यावर जगणारं आणि खाताही येईल असं काहीतरी शोधताना काटेविरहित निवडुंगाचं नाव पुढे आलं.

ही वनस्पती म्हणजे फड्या निवडुंगाची जात, ओपुंशिया फायकस-इंडिका. मूळ मेक्सिकोची. तिथे तिची कोवळी पानं 'नोपाल' म्हणून रोजच्या जेवणात असतात आणि फळंही खातात. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड. खरी पानं म्हणजे कोवळ्या खोडावरचे बारीक हिरवे कोंब, जे थोड्याच दिवसांत गळून जातात. महाराष्ट्रात देशावर काटेविरहित वाण लावले जातात ते प्रामुख्याने शेळ्या-मेंढ्यांचा दुष्काळी चारा म्हणून. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकापासून त्यावर काम झालेलं आहे.

याच सुमारास पश्चिम उपनगरातल्या एका कॅफेने ताज्या पानांची मागणी केली. तिथे मेक्सिकन पदार्थ होत आणि नोपाल डब्यातले, मिठाच्या पाण्यातले, बाहेरून मागवलेले वापरले जात. आठवड्याला पाच किलो, किलोला ३०० रुपये, असं तोंडी ठरलं. गटाने होकार दिला. एका झाडापासून महिन्याला किती पानं मिळतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढे ते अंगाशी आलं.

लागवड

फेब्रुवारीत देशावरच्या एका रोपवाटिकेतून साधारण वर्षभर वयाची चाळीस पानं आणली. गटातल्या एकाने हौसेने हायवेकडेच्या टेकडीवरून 'निवडुंगाची' आणखी एक फांदी आणली होती. ती मोडताच पांढरा चीक आला. हा तिधारी, म्हणजे युफोर्बिया कुळातला. त्याचा चीक त्वचेची आग करतो, डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा करतो आणि पोटात गेला तर विषारी ठरतो. फांदी लगेच टाकली, हात साबणाने धुतले. खाण्याच्या निवडुंगातून चीक येत नाही, फक्त पारदर्शक, बुळबुळीत रस येतो. अनोळखी झाडाबाबत सगळ्यात आधी हीच तपासणी करावी. चीक दिसला की तिथेच थांबावं. चीक दिसला नाही म्हणून मात्र ते खाण्याचंच आहे असं धरू नये.

कापलेली पानं सावलीत उभी ठेवून दोन-तीन आठवडे सुकवायची असतात. कापाच्या जागी खपली धरल्याशिवाय मातीत लावलं तर तिथूनच कूज शिरते. इतपत सगळं व्यवस्थित झालं. पानाचा एक तृतीयांश भाग मातीत गेला, चपट्या बाजू पूर्व-पश्चिमेला आल्या, पहिला आठवडा पाणी दिलं नाही.

गफलत झाली ती मातीच्या मिश्रणात. गच्चीवरच्या बागेसाठी मुंबईत सर्रास वापरलं जातं तेच, निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत, इथेही भरलं गेलं. कोकोपीट वजनाला हलकं आणि पाणी धरून ठेवणारं. गच्चीच्या स्लॅबवर बोजा नको म्हणून ते निवडलं जातं, आणि पालकासाठी ते उत्तमच. निवडुंगाच्या मुळांना मात्र भिजल्यानंतर दोन-तीन दिवसांत कोरडी होणारी जागा लागते. भरीस भर, वॉटरप्रूफिंगला ओल लागू नये म्हणून सोसायटीने पानं लावलेल्या प्रत्येक क्रेटखाली ताटली ठेवायला लावली होती.

अडचण

११ जून ही मुंबईतल्या मान्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख. त्या वर्षी पाऊस थोडा उशिरा आला, पण आला तो थांबला नाही. सांताक्रूझची एकट्या जुलैची सरासरीच ८०० मिलिमीटरच्या पुढे आहे. या वनस्पतीला वर्षाला ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पुरतो. म्हणजे तिला वर्षभर पुरेल इतकं पाणी एका महिन्यात मिळालं, आणि ताटल्यांमुळे ते खालून निघूनही गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बुडाशी तपकिरी, ओलसर डाग दिसले. बोट लावलं तर आत जाई आणि कुजक्या बटाट्यासारखा वास येई. ही जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज. बुरशीची कूज सावकाश चढते, कडेला कोरडी असते. ही तशी नाही, ती दोन-तीन दिवसांत अख्खं पान पाणी करून टाकते. जुलै संपेपर्यंत चाळीसपैकी सतरा झाडं गेली होती.

त्याआधी, मे महिन्यात, कॅफेला पहिला माल गेला होता आणि तोही परत आला होता. तक्रारी तीन. कापणाऱ्या मुलाच्या बोटांत कुसळं घुसली, भाजीला तार सुटली, आणि चव लिंबू पिळल्यासारखी आंबट लागली. शेफचं म्हणणं असं, "डब्यातलं असं नसतं."

पर्याय

कुजीबाबत गटासमोर चार मार्ग होते. पहिला, सगळं काढून टाकायचं. दुसरा, गच्चीवर पॉलिकार्बोनेटचं छप्पर घालायचं. त्याला सोसायटीचा ठराव आणि पालिकेची परवानगी लागते. शिवाय इमारत तीस वर्षांच्या पुढची असल्याने स्ट्रक्चरल ऑडिट नुकतंच झालेलं होतं आणि अभियंत्याने गच्चीवर नवा बोजा नको असं लिहून दिलं होतं. तिसरा, क्रेट खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये हलवायचे. तिथे पाऊस नाही, पण ऊनही नाही, आणि अंधारात निवडुंग पांढुरका, निमुळता, काठीसारखा वाढतो. त्याची भाजी होत नाही आणि पुढे त्यातून सरळ झाडही होत नाही.

चौथा मार्ग सुरुवातीला कुणालाच पटत नव्हता. पावसाळ्यात झाडं ठेवायचीच नाहीत. जून महिना लागण्याआधी निरोगी, पक्व झालेली पानं तोडायची, खपली धरू द्यायची आणि जिन्याच्या वरच्या कोरड्या, हवेशीर भागात लाकडी फळीवर उभी ठेवायची. परिपक्व पान मातीशिवाय काही महिने टिकतं. सुरकुततं, कधी कडेला मुळं फोडतं, पण मरत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा लावायचं. म्हणजे वाळवंटातलं बारमाही झाड मुंबईत हंगामी भाजी म्हणून घ्यायचं.

गटातल्या कृषी पदवीधर सभासदाने या मार्गाच्या बाजूने मांडलेला मुद्दा पावसाबद्दल नव्हता, तापमानाबद्दल होता, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा. निवडुंगाची रंध्रं दिवसा बंद असतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा बंद दारांआड वापरतो. दिवसा २५ आणि रात्री १५ अंशांच्या आसपास हे काम सर्वांत चांगलं चालतं. रात्र २५ अंशांच्या वर गेली की मंदावतं. मुंबईत एप्रिल-मेच्या रात्री २६-२८ अंशांच्या असतात. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी हे झाड आणलं, तोच त्याच्या वाढीला सर्वांत प्रतिकूल काळ. ते तेव्हा जगतं, पाणी मागत नाही, पण नवी पानंही फारशी देत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या गार रात्री हाच इथला खरा हंगाम.

केलेली कृती

जुलैत आधी तातडीचं काम. कुजलेल्या भागाच्या वर पाच सेंटिमीटर जागा सोडून काप घेतला. कापाचा रंग सर्वत्र पांढरट हिरवा येईपर्यंत पुन्हा पुन्हा वर कापत गेले. मध्यभागी तपकिरी धागा दिसला तरी ते पान टाकलं. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसली. ही पायरी कंटाळवाणी म्हणून गाळली जाते आणि मग एकाच सुरीने कूज सगळीकडे पसरते. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची भुकटी लावली आणि पानं पंख्याखाली वर्तमानपत्रावर उभी केली. अशी औषध लावलेली पानं केवळ लागवडीसाठी, खाण्यासाठी नाहीत. तेवीस निरोगी झाडांतून आणि या कापांतून मिळून ऑक्टोबरला लावण्याजोगी तीस पानं उरली.

ऑक्टोबरमध्ये मिश्रण बदललं. दोन भाग विटांचा बारीक चुरा आणि जाड रेती, एक भाग बागेची माती, एक भाग जुनं शेणखत. तळाला भोकं वाढवली, ताटल्या काढल्या, क्रेट विटांवर चढवले म्हणजे खालून हवा खेळेल आणि पाणी उतारावरून नाळीकडे जाईल. हे मिश्रण कोकोपीटपेक्षा बरंच जड, भिजल्यावर क्रेटमागे सहज पन्नास किलो. म्हणून अभियंत्याला विचारून क्रेट गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळया आणि खांबांच्या रेषेत ठेवले, आणि संख्या चोवीसवर थांबवली. उरलेली सहा पानं वाटून टाकली.

पाणी आठवड्यातून एकदा, जानेवारीत दहा दिवसांनी. निवडुंगाला पाणी लागतच नाही ही समजूत भाजीसाठी चालत नाही. पाणी नसलं तर झाड जगतं, पण कोवळं पान फुटत नाही किंवा लवकर चिवट होतं.

जानेवारीअखेर काही पानांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले. पिठ्या ढेकूण म्हणून कुणी कडुनिंबाचं तेल आणायला निघालं, पण पुंजका बोटाने चिरडला तर गडद किरमिजी रंग आला. ही कोचिनीलच्या कुळातली कीड. याच कुळातल्या किड्यापासून जगप्रसिद्ध लाल रंग बनतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, तो रंग भारतात करायचा म्हणून किडा आणला गेला, पण चुकीची जात आली. रंग काही साधला नाही. तिने रानोमाळ माजलेल्या निवडुंगाचा मात्र फडशा पाडला, आणि किडीकडून तण हटवण्याचं जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून ती घटना आजही सांगितली जाते. गच्चीवर उपाय साधा केला. नळीच्या जोरदार धारेने पुंजके उडवले, उरलेले जुन्या टूथब्रशने साबणाच्या पातळ पाण्यात घासले, चार दिवसांनी पुन्हा तेच. मेणचट कापसाखाली किडे असतात, त्यामुळे नुसती फवारणी वरूनच घरंगळते. खायचं पान असल्याने झाडात शोषली जाणारी कीटकनाशकं वर्ज्य.

तोडणी आणि स्वयंपाकघर

आंबटपणाचं कारण तोडणीची वेळ होती. पहिला माल सकाळी सहाला तोडला होता, जसा पालेभाजीचा तोडतात. निवडुंगात रात्रभर साठलेलं आम्ल पहाटे सर्वांत जास्त असतं आणि उन्हाबरोबर उतरत जातं. दुपारनंतर तोडलं तर चव सर्वांत सौम्य, पण मुंबईच्या दुपारी पान तापून लुळं पडतं आणि लोकलच्या डब्यात आणखी. शेवटी अकराच्या सुमारास तोडून सावलीत गार करून पाठवायचं ठरलं. थोडा आंबटपणा राहतो, तो शेफने नंतर आवडीने स्वीकारला.

पान १५ ते २० सेंटिमीटरचं, ६० ते १०० ग्रॅमचं असतानाच घ्यावं. कोंब फुटल्यापासून साधारण तीन-चार आठवडे. त्यावरच्या हिरव्या बारीक कोंबपानांपैकी बरीच अजून टिकून असली तर पान कोवळं. सगळी गळली आणि साल चकाकू लागली की आत दोरे झाले असं समजावं. तोडताना जोडाशी सुरीने कापावं, बुडाला जुन्या पानाचा पातळ तुकडा राहू द्यावा. पिरगळून तोडलं तर तिथूनच नासतं. साफ न केलेलं पान फ्रिजच्या खालच्या, कमी गार खणात आठवडाभर राहतं. फार थंडीत डाग पडतात. साफ करून चिरलेलं दोन दिवसांत तपकिरी होतं.

काटेविरहित म्हणजे कुसळविरहित नव्हे. लांब काटे नसतात, पण पानावरच्या प्रत्येक डोळ्यात, म्हणजे काटे-कोंब फुटतात त्या ठिपक्यात, केसाहून बारीक, उलट्या दात्यांची कुसळं असतात. जाड रबरी हातमोजे हवेत. डिस्पोजेबल पातळ मोजे पुरत नाहीत, कुसळं त्यातून आरपार जातात. बूड धरून पान आडवं ठेवायचं, कड सगळीकडून अर्धा सेंटिमीटर उतरवायची, मग सुरी जवळजवळ आडवी धरून टोकाकडून बुडाकडे डोळे खरवडायचे. साल सोलायची नाही. शेवटी वाहत्या पाण्याखाली उलट दिशेने तळवा फिरवून तपासायचं. त्वचेत घुसलीच तर आधी चिमट्याने दिसतील ती काढावीत, मग फेविकॉलचा थर आणि त्यावर पातळ सुती कापड, पूर्ण सुकल्यावर ओढून काढावं. चोळू नये. डोळ्यात किंवा घशात गेली तर डॉक्टरांकडेच.

तारेचा प्रश्न भेंडी जाणणाऱ्या घरात सुटायला वेळ लागला नाही. एक सेंटिमीटरच्या पट्ट्या, पाव किलोला एक चमचा मीठ लावून वीस मिनिटं, मग धुऊन निथळायचं. लोखंडी तवा कडक तापवून थोड्या तेलावर झाकण न ठेवता परतायचं. आधी बुळबुळ वाढते, तिथे घाबरून पाणी घालू नये. आठ-दहा मिनिटांत ती आटते आणि रंग पोपटीवरून मळका हिरवा होतो. आमसूल उतरवण्याच्या जरा आधी. एक किलो पानांतून साफ करून आठशे ग्रॅमच्या आसपास आणि शिजवून साडेपाचशे ग्रॅम उरतात, हे भाव ठरवताना धरावं. कॅफेत मिठाच्या भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळून पाणी फेकून देतात, त्याने तार अधिक जाते, चवही थोडी जाते.

गटात सर्वांत चालली ती जवळा घातलेली सुकी भाजी. कांदा, लसूण, लाल तिखट, भाजलेला जवळा, शेवटी आमसूल. मेक्सिकोतही उपवासाच्या काळात वाळवलेल्या कोळंबीच्या वड्या आणि नोपाल एकत्र करतात, त्यामुळे ही जोडी तशी नवी नाही. शाकाहारी घरांनी दाण्याचं कूट घातलं. पिठल्यात मात्र तार पुन्हा सुटते, तो बेत फसला.

कच्च्या पानात शंभर ग्रॅममागे साधारण १६ किलोकॅलरी, दोन ग्रॅमच्या वर तंतू आणि १६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण त्यातलं बरंचसं ऑक्झलेटला बांधलेलं, म्हणजे शरीराला मिळत नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक-अळूइतकीच काळजी घ्यावी. कॅफेला मेनूवर 'मधुमेहींसाठी उत्तम' असं छापायचं होतं. नोपाल जेवणानंतरची साखर कमी चढू देतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि खाद्यपदार्थावर रोगाचा दावा करणं कायद्याच्या कचाट्यात नेणारं. गटाने लेखी नकार दिला. तो बरोबर होता.

फळांचा फाटा

गच्चीवर फळं जवळजवळ धरलीच नाहीत. फळ जुन्या पानाच्या कडेवर येतं, आणि इथे दर पावसाळ्यात झाड मोडलं जात होतं. तरी सरबताची हौस म्हणून सौराष्ट्रातून फिंडलं, म्हणजे तिकडच्या रानटी निवडुंगाची लाल बोंडं, मागवली. कुसळं पापड भाजायच्या जाळीवर आचेत जाळली, गर मलमलच्या दुहेरी कापडातून गाळला. पहिल्या खेपेच्या बाटल्या पाचव्या दिवशी फसफसल्या, कारण साखर कमी आणि आम्ल अपुरं. दुसऱ्या खेपेला लिंबाच्या रसाने पीएच पट्टीवर चारच्या खाली आणला. तो टिकला, पण फार वेळ उकळल्याने जांभळट लाल रंग विटकरी झाला. हा रंग बीटमधल्यासारखा, उष्णतेत टिकत नाही. एका आजोबांनी दोन पेले प्यायल्यावर लघवी लाल झाली म्हणून रात्री डॉक्टरांना फोन झाला. तोही रंगच, निरुपद्रवी. सरबत विकायचं नाही असं ठरलं.

निष्पत्ती

चोवीस झाडं, हंगामात झाडामागे महिन्याला सरासरी चार पानं, पान ऐंशी ग्रॅमचं. म्हणजे महिन्याला साडेसात किलो, आठवड्याला दोनच्या आत. त्यातलं काही घरी. कॅफेला कबूल केलेले पाच किलो कधीच पुरवता आले नाहीत. फेब्रुवारीत शेफने नवा करार मांडला. डिसेंबर ते मार्च, आठवड्याला एक किलो, मेनूवर नव्हे तर फळ्यावर 'आज' म्हणून. बाकी वर्ष त्यांचा डबा. पैशांत पाहिलं तर यातून फार तर रेती आणि क्रेटचा खर्च निघतो.

उतरवलेल्या कडा आणि चिवट पानांचा उपयोग मात्र अनपेक्षित निघाला. एक किलो तुकडे चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला चिकट रस विरवलेल्या चुन्यात मिसळला आणि गच्चीच्या काही भागावर मेमध्ये दोन हात दिले. मेक्सिकोत चुन्याच्या गिलाव्यात हा रस जुन्या काळापासून घालतात. साध्या चुन्यापेक्षा हा हाताला कमी पांढरा लागतो. रस दोन दिवसांत घाण वास मारतो, त्यामुळे लागेल तेवढाच करावा, आणि त्याला वॉटरप्रूफिंग समजू नये.

वेगळं काय करता आलं असतं

उत्पादनाचा हिशेब कॅफेला होकार देण्याआधी सहा-सात झाडांवर एक हिवाळा करून पाहायला हवा होता. पाच किलोसाठी साठाच्या वर झाडं लागतात आणि तेवढा भार ही गच्ची पेलत नाही, हे कागदावरच कळलं असतं.

लागवड फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबरला केली असती तर पहिला पाऊस येईपर्यंत झाडं आठ महिन्यांची असती आणि कॅफेला पहिला माल मे महिन्यात नव्हे, डिसेंबरात गेला असता.

वाणाबद्दल रोपवाटिकेला एकच प्रश्न विचारला गेला, काटे आहेत का. चाऱ्यासाठी निवडलेले वाण भरघोस वाढावेत म्हणून निवडलेले असतात, पान कोवळं राहावं म्हणून नव्हे. भाजीसाठी वापरून पाहिलेल्या झाडाची पानं मागायला हवी होती, किंवा निदान दोन ठिकाणची आणून शेजारी शेजारी लावायला.

आणि पावसाळ्याचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. फळीवर ठेवलेल्या पानांपैकी जिन्याच्या खिडकीजवळची चार सप्टेंबरात पागोळ्यांनी भिजून गेली. यंदा फळी आतल्या भिंतीला सरकवली आहे, आणि दर रविवारी पानं उलटून बुडं बघायची पाळी लावून दिली आहे.